कोर्सची फी नंतर विचारा, आधी क्लिनिकल कुठे ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ३८, नाशिकचं बी.कॉम., लग्नानंतर एडिसन, न्यू जर्सी. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, यंदा जोडीदाराच्या एच-४ व्हिसाचं ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, हातात आलं. दोन मुलं शाळेत जातात. काउंटी कॉलेजच्या (म्हणजे इथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजच्या) पत्रकात फ्लेबॉटमी (तपासणीसाठी रक्त काढणं), सीएनए (नर्सिंग सहायिका), मेडिकल असिस्टंट आणि स्टराइल प्रोसेसिंग असे चार कोर्स दिसतात. शेजारीच एक खासगी संस्था सहा आठवड्यांत ‘नोकरीची हमी’ देते, फी मात्र दुप्पट. सुईची भीती नाही, पण इंग्रजीची आणि वयाची वाटते. सुरुवात कुठून करावी?

वयाचं आधी मिटवून टाकू. माझ्या गेल्या बॅचमध्ये सगळ्यात धाकटा १९ वर्षांचा होता आणि सगळ्यात मोठ्या बाई ५७च्या. दोघांनाही नोकरी लागली, आणि खरं सांगायचं तर बाईंना आधी लागली. रक्त काढून घेणाऱ्या पेशंटला पन्नाशीचा शांत चेहरा विशीच्या घाबऱ्या चेहऱ्यापेक्षा बरा वाटतो.

मी मूळची मिरजेची, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) तिकडचंच. आता न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी काउंटी कॉलेजात फ्लेबॉटमी शिकवते, आपल्याकडे म्हणतात तसं तासिका तत्त्वावर. तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे मी २०१५ साली उभी होते. त्या वर्षी २६ मेपासून एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली. सहा वर्षं घरी बसलेली मी कार्ड हातात पडताच धावत सुटले, आणि तुमच्या पत्रात आहे तसल्याच एका खासगी संस्थेत पैसे भरले. पाच आठवडे, १,८०० डॉलर. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. आम्ही आठ जणी एकमेकींच्या हातांतून रक्त काढत होतो आणि शेवटी जाड कागदावर छापलेलं प्रमाणपत्र मिळालं. मग अर्ज करायला लागले. दोन महिन्यांत तेवीस अर्ज, मुलाखती दोन. दोन्हीकडे पहिलाच प्रश्न : क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलात देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, कुठे केलंत? उत्तर असं की कुठेच नाही. मिरजेत मी हजारो नळ्या हाताळल्या होत्या, पण त्या इथल्या मॅनेजरला मोजता येत नव्हत्या. पुढच्या सत्रात काउंटी कॉलेजात तोच कोर्स पुन्हा केला. तिथे हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल मिळालं, आणि ज्या मजल्यावर ते केलं त्याच मजल्यावर पहिली नोकरी लागली.

म्हणून माझा सगळा सल्ला एका प्रश्नात मावतो. कोर्स कोणताही असो, क्लिनिकलचे तास कुठे, किती आणि जागा कोण मिळवून देणार? पत्रकात ‘क्लिनिकल उपलब्ध’ एवढंच असतं, आणि तीच फसवी ओळ. उपलब्ध म्हणजे कॉलेजचा हॉस्पिटलशी लेखी करार आहे, की ‘तुम्ही शोधलंत तर आम्ही सही करू’? बॅचमध्ये वीस जण आणि क्लिनिकलच्या जागा आठ, असं तर नाही ना? मग उरलेले बारा किती महिने थांबतात? हे फोनवर नाही, समोर जाऊन विचारायचं आणि मागच्या बॅचमधल्या दोघींचे नंबर मागायचे. जिथे नंबर द्यायला खळखळ करतात तिथून सरळ घरी यायचं.

क्लिनिकलला मी एवढं का धरून बसले आहे? पुस्तक तुम्ही ओट्यापाशी उभं राहूनही वाचाल. रबरी हाताची शीर जागा बदलत नाही. माणसाची बदलते. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या) हाताला हात लावायचा नसतो, हे वर्गात पाठ होतं. पण पहाटे पाच वाजता अंधाऱ्या खोलीत, झोपेत असलेल्या पेशंटने नेमका तोच हात पुढे केला की पाठांतर खरं होतं का ते कळतं. शिवाय क्लिनिकल म्हणजे शंभर-सव्वाशे तासांची मुलाखतच. तुम्ही वेळेवर येता का, चुकलं तर लपवता का, दोन वेळा शीर सापडली नाही तर तिसऱ्यांदा हट्टाने टोचता की दुसऱ्याला बोलावता, हे सगळं सुपरवायझर बघत असतो. जागा रिकामी झाली की त्याला जाहिरात देण्याचा कंटाळा असतो. त्यापेक्षा त्याला माहीत असलेला माणूस घेणं सोपं.

फ्लेबॉटमीला अमेरिकेत राज्याचा परवाना फक्त कॅलिफोर्निया, लुइझियाना, नेवाडा आणि वॉशिंग्टन या चार राज्यांत लागतो. न्यू जर्सीत लागत नाही. त्यामुळे इथे कुणीही पाटी लावून कोर्स काढू शकतो, आणि काढतात. परवाना नसला तरी हॉस्पिटलं एनएचए किंवा एएससीपीसारख्या राष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मागतात, आणि तिथेही फरक आहे. एनएचएच्या परीक्षेसाठी जिवंत माणसांवर ३० वेळा शिरेतून आणि १० वेळा बोटातून रक्त काढल्याची नोंद लागते. आम्ही आठ जणींनी एकमेकींवर तेवढं कसंबसं भरवलं होतं! एएससीपीचं प्रमाणपत्र कोर्सच्या मार्गाने घ्यायचं तर १०० यशस्वी नमुने आणि क्लिनिकलचे १०० तास लागतात. मोठ्या लॅबमध्ये एएससीपीचा मान जास्त. कॅलिफोर्नियात बहीण-भावजय असेल तर तिला सांगा, की तिथल्या परवान्याला किमान ५० शिरेचे आणि १० बोटाचे नमुने, शिवाय ४० तास वर्ग आणि ४० तास प्रत्यक्ष काम असा हिशेब आहे. तिथे राज्याने मान्यता दिलेल्या संस्थेशिवाय पाऊलच टाकू नये.

आता काम काय असतं ते सांगते, कारण बऱ्याच जणी ‘फक्त रक्त काढायचं’ असं समजून येतात. हॉस्पिटलमध्ये पहिली फेरी पहाटे चार-पाचला सुरू होते. डॉक्टर सकाळी राउंडला येतात तेव्हा रिपोर्ट स्क्रीनवर हवे असतात, म्हणून. मुलं शाळेत जायच्या वेळी तुम्ही घरी नसाल. मात्र दीडच्या सुमारास परत याल. नवरा डबे भरू शकतो का, हा प्रश्न मी वर्गात हसत विचारते, पण तो विनोद नाही. पहाटेच्या पाळीमुळे नोकरी सोडलेल्या मला चार जणी माहीत आहेत, शीर सापडत नाही म्हणून सोडलेली एकही नाही.

पट्टा कोपराच्या तीन-चार इंच वर बांधायचा आणि एका मिनिटाच्या आत सोडायचा. अल्कोहोल सुकू द्यायचं, फुंकर मारायची नाही (आपल्या हाताला ही सवय इतकी आहे की पहिल्या आठवड्यात सगळ्याच देशी मुली फुंकतात). सुई तीस अंशांपर्यंतच तिरकी, कमी चालेल, जास्त नको. हे सगळं जमतं. जे चुकतं ते नळ्यांच्या क्रमात. आधी ब्लड कल्चरच्या बाटल्या, मग फिकट निळी, मग लाल किंवा सोनेरी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. विद्यार्थिनी विचारतात, रक्त तेच, माणूस तोच, मग क्रमाने काय बिघडतं? बिघडतं असं, की जांभळ्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं आणि ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. जांभळी आधी भरलीत आणि तिचा अंश सुईवरून सोनेरीत गेला, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वर जातं आणि कॅल्शियम खोटं खाली येतं. पोटॅशियम वाढलं म्हणजे हृदयाचा धोका, म्हणून वॉर्डात धावपळ सुरू होते, आणि पेशंट मात्र निवांत चहा पीत बसलेला असतो. लॅबमध्ये असे रिपोर्ट समोर येतात तेव्हा आम्ही आधी नळ्यांच्या क्रमाची चौकशी करतो. एवढ्याशा गोष्टीसाठी शिक्षण लागतं, आणि ‘फक्त रक्त काढायचं’ म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

सीएनएकडे वळू. हा कोर्स सगळ्यांत लवकर नोकरी देतो. १९८७च्या संघीय कायद्याने नर्सिंग होममधल्या (इथे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची निगा राखणारी निवासी संस्था) सहायिकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, त्यातले किमान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. न्यू जर्सीत ९० तास आहेत, इलिनॉयमध्ये १२०, कॅलिफोर्नियात १६०. इथे क्लिनिकलचा घोळ कमी असतो कारण त्याशिवाय कोर्सला मान्यताच नाही. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : काही नर्सिंग होम स्वतः शिकवून घेतात आणि त्यांच्याकडे नोकरीला असलेल्यांकडून त्याची फी घेता येत नाही. स्वतः पैसे भरून शिकलात आणि बारा महिन्यांच्या आत नर्सिंग होममध्ये लागलात, तर खर्चाची हप्त्याने भरपाई मिळण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. पहिल्याच दिवशी एचआरला विचारा. विचारलं नाही तर कुणी आपणहून देत नाही.

काम मात्र अंगावरचं आहे. अंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं, पलंगावरून खुर्चीत उचलून बसवणं. सासू-सासऱ्यांचं केलेल्या आपल्या बायकांना यातलं काही नवं नाही, पण ‘एवढं शिकून हेच?’ असं सासर-माहेर दोन्हीकडून ऐकावं लागतं. मला त्या बोलण्याचं काही वाटत नाही. मला कंबरेची काळजी वाटते. पाठीचं दुखणं आधीपासून असेल तर सीएनएच्या वाटेला जाऊ नका. पेशंटला उचलायचं यंत्र वापरायची शिस्त कितीही शिकवली तरी दोन माणसांचं काम एकटीने करायची वेळ येतेच. पुढे नर्सिंगला जायचं मनात असेल तर मात्र याच्याइतकी चांगली पायरी नाही.

मेडिकल असिस्टंट हा तुमच्यासाठी, म्हणजे शाळेत जाणारी मुलं असलेल्या आईसाठी, वेळेच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचा. दवाखाना आठ ते पाच, शनिवार-रविवार बहुधा सुट्टी. ब्लड प्रेशर, ईसीजी, इंजेक्शन, रक्त, फोन, विम्याची परवानगी, सगळं थोडंथोडं. कोर्स नऊ महिने ते वर्षभराचा. इथे बघायचं ते एवढंच की कार्यक्रमाला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का. सीएमए या नावाने ओळखलं जाणारं प्रमाणपत्र हवं असेल तर ती मान्यता कळीची, आणि मान्यताप्राप्त कार्यक्रमांत १६० तासांचं प्रत्यक्ष काम दवाखान्यात करावं लागतं. नुसतं ‘मेडिकल असिस्टंट सर्टिफिकेट’ असं लिहिलेल्या तीन महिन्यांच्या कोर्सला हे तास नसतात. गल्लत इथेच होते, आणि ती गल्लत महागात पडते.

स्टराइल प्रोसेसिंगचं नाव आपल्या लोकांना माहीतच नसतं. ऑपरेशनची हत्यारं धुणं, तपासणं, संच लावणं आणि वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करणं, असं ते काम. पेशंट समोर नाही, भाषेचा ताण कमी, डोळा आणि शिस्त जास्त. घरात मसाल्याचे डबे ज्या क्रमाने लावता त्या क्रमाने चिमटे लावायचे, असं मी गमतीने सांगते, फक्त इथे एक चिमटा कमी पडला तर ऑपरेशन थांबतं. पण क्लिनिकलचा सापळा सगळ्यात मोठा इथेच आहे. एचएसपीए या संस्थेच्या सीआरसीएसटी प्रमाणपत्राला ४०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. परीक्षा आधी देता येते, मग तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि सहा महिन्यांत तास पूर्ण करायचे. कॉलेज वर्गातले तास देतं, हे ४०० तास बहुतेक वेळा देत नाही. कोणत्या हॉस्पिटलशी बोलणं झालंय ते नावानिशी कळल्याशिवाय या कोर्सला पैसे भरू नका.

तुम्ही बी.कॉम. आहात म्हणून कुणीतरी मेडिकल कोडिंगही (बिलासाठी आजार-उपचारांना सांकेतिक क्रमांक देणं) सुचवेल. वाईट नाही, घरून होतं. मात्र नवशिक्याच्या नावापुढे शिकाऊचं अक्षर लागतं आणि पहिली नोकरी मिळणं अवघड, कारण ते बरंचसं काम आज पुण्या-चेन्नईत होतं. हॉस्पिटलात जायचं तुमच्या मनात असेल तर हातांचं काम घ्या. हात पुण्याला पाठवता येत नाहीत.

पैशांबद्दल. अमेरिकी श्रम खात्याच्या २०२३च्या आकड्यांत फ्लेबॉटमी आणि मेडिकल असिस्टंट दोघांचंही मधलं वार्षिक वेतन ४२ हजार डॉलरच्या आसपास होतं, सीएनएचं ३८ हजारांच्या. न्यू जर्सीत त्याहून थोडं जास्त मिळतं, पण एडिसनचं घरभाडंही तुम्हाला ठाऊक आहे. ही श्रीमंत होण्याची वाट नाही. नवऱ्याच्या विम्यावर आणि पगारावर घर चालत असेल तर ही तुमच्या पायावर उभं राहण्याची पहिली पायरी आहे, एवढंच समजून उतरा.

पायरी म्हटलं म्हणून क्रेडिट-नॉनक्रेडिटचंही सांगते. हे छोटे कोर्स बहुतेक काउंटी कॉलेजांत ‘वर्कफोर्स’ किंवा ‘कंटिन्युइंग एज्युकेशन’ विभागात असतात आणि त्यांचे गुण पदवीत धरले जात नाहीत. यात गैर काही नाही, पण नंतर कळलं की माणूस चिडतो. पुढे नर्सिंग, रेडिओग्राफी किंवा लॅब टेक्निशियनच्या दोन वर्षांच्या पदवीकडे जायचं मनात असेल तर छोट्या कोर्ससोबत इंग्रजी किंवा अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा एखादा क्रेडिट विषय घेऊन ठेवा. फार आधीही घेऊ नका, कारण शास्त्र विषयांचे गुण बऱ्याच नर्सिंग कॉलेजांत पाच-सात वर्षांनी शिळे होतात. आणि ‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं ज्युनियर कॉलेज, अकरावी-बारावी’ असं घरच्यांना वाटत असेल तर त्यांचं फार चुकत नाही, पूर्वी नाव तेच होतं. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. पण इथे दर्जा बारावीच्या पुढचा आहे आणि न्यू जर्सीतल्या अशा १८ कॉलेजांतून निघालेली माणसं तुमच्या जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलच्या प्रत्येक मजल्यावर भेटतील.

तुमच्या ओळखीत मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीची बी.एस्सी. झालेली कुणी असेल तर तिने मात्र फ्लेबॉटमीत अडकून पडू नये. पदवीचं मूल्यांकन करून घेऊन थेट लॅब सायंटिस्टच्या वाटेने जाणं शक्य असतं. बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या कितीतरी मुली इथे येऊन निराश होतात, कारण त्या पदवीवर इथे डॉक्टरकी करता येत नाही. त्यांना मी मेडिकल असिस्टंटपेक्षा क्लिनिकल रिसर्चकडे बघायला सांगते.

फी कोण भरणार? पेल ग्रँट, म्हणजे शिक्षणासाठीची परत न करायची सरकारी मदत, एच-४ वाल्यांना मिळत नाही. ती मुख्यत्वे नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. एरवी ६०० तासांच्या आतल्या कोर्सला पेल नव्हतीच. नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून १५० ते ५९९ तासांच्या कोर्ससाठी ती खुली केली आहे, तेव्हा ग्रीन कार्ड आलेल्या मैत्रिणींना हे नक्की सांगा. तुम्ही ईएडीवर आहात, तर काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरमध्ये (सरकारी रोजगार केंद्रात) जाऊन चौकशी करा. कामाची परवानगी असलेल्यांना तिथून प्रशिक्षणाचा खर्च मिळू शकतो, आणि त्यांच्या यादीत नसलेल्या संस्थेला ते पैसे देत नाहीत. तुमची ती ‘हमी’वाली संस्था त्या यादीत आहे का, एवढं जरी पाहिलंत तरी निम्मा निर्णय होईल.

ईएडीचा एक खाचखळगा आहे. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुन्या कार्डाला आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना ती सोय बहुतेक गटांसाठी बंद झाली. हॉस्पिटलचं एचआर या बाबतीत एक दिवसही सूट देत नाही. कार्ड संपलं की पाळीवरून नाव काढतात, माणूस कितीही लाडका असो. कार्ड संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो त्याच आठवड्यात टाका. आणि कार्डावर चार-पाच महिनेच उरले असतील तर कोर्स थोडा पुढे ढकला.

आता इंग्रजी. तुमचं पत्र वाचून वाटतं की भीती बोलण्याची आहे, कळण्याची नाही. वर्गातली अर्धी भीती मेडिकल टर्मिनॉलॉजीची असते, आणि तिथे मराठी माणूस उलट पुढे असतो, कुणी त्याला सांगत नाही एवढंच. ग्रीक-लॅटिन आणि संस्कृत एकाच घरच्या. ऑस्टिओ म्हणजे अस्थी. डेंट म्हणजे दंत, नेझो म्हणजे नासा, पोड म्हणजे पद. गुडघ्याला लॅटिनमध्ये जेनू, आपल्याकडे जानू. ‘आजानुबाहू’ तुम्ही लहानपणी ऐकलाय. कार्डिओ आणि हृद, हिपॅटो आणि यकृत हीसुद्धा एकाच मुळाची, फक्त वाटेत फार बदलली. पाचवीतल्या सुभाषितांचा असा उपयोग होईल असं आमच्या संस्कृतच्या बाईंना स्वप्नातही वाटलं नसेल.

बोलण्यात मात्र एक सवय मोडावी लागते. आपण पेशंटला विचारतो, “तुम्ही मिसेस जॉन्सन का?” ऐकू कमी येणारी आजी कुणालाही “हो” म्हणते. नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायची, मनगटावरच्या पट्टीशी जुळवायची, आणि नळीवरचं लेबल पलंगापाशीच लावायचं, बाहेर येऊन नाही. व्याकरण चुकलं तर कुणी काढून टाकत नाही. लेबल चुकलं तर काढतात. दुसरं, एडिसनच्या बाजूला मराठी-गुजराती आजी-आजोबा पेशंट म्हणून भेटणारच, आणि तुमचा आवाज ऐकून त्यांना केवढा धीर येतो ते बघालच. “आजी, जरासं टोचेल हं” एवढं खुशाल म्हणा. पण डॉक्टरांचं निदान, ऑपरेशनची संमती असलं काही भाषांतर करून सांगायला गेलात तर अडचणीत याल. त्यासाठी पात्र दुभाष्या बोलावण्याचा नियम आहे. नर्सने गळ घातली तरी दुभाष्याचा फोन लावून द्या.

मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत राहतं, कुणी काही म्हणत नाही, पण लांब असेल तर पेशंटवर वाकल्यावर लोंबतं. आखूड करून घ्या. बांगड्या आणि खोटी नखं वर्गातच काढायला लावतात. मेंदीला आमच्याकडे हरकत नाही.

उरलं लसीकरण, आणि सगळ्यात जास्त लोक इथे लटकतात, म्हणून ते आजच सुरू करा. क्लिनिकलला पाठवण्याआधी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, टिटॅनसची टीडॅप, हंगामात फ्लू, आणि क्षयाची तपासणी, सगळ्याचे कागद लागतात. शिवाय सीपीआरचं बीएलएस कार्ड, पार्श्वभूमी तपासणी आणि ड्रग टेस्ट. तुमच्या पिढीला लहानपणी सरकारी दवाखान्यात गोवराची लस मिळाली, गालगुंड-रुबेलाची बहुधा नाही, आणि आईने जपून ठेवलेलं पिवळं पडलेलं कार्ड इथे कुणाला वाचता येत नाही. कार्ड शोधत बसू नका, रक्ताची अँटिबॉडी तपासणी करा. कांजिण्या येऊन गेल्या असतील तर त्या तपासणीत दिसतात आणि दोन सुया वाचतात.

क्षयासाठी त्वचेत टोचून करायची चाचणी करू नका. आपल्या दंडावर बीसीजीची खूण आहे; ती चाचणी त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, मग पत्रव्यवहार, आणि तोवर बॅच निघून जाते. रक्तातून करायची क्वांटिफेरॉन चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हिपॅटायटिस बीची जुनी लस तीन डोसची आहे, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. हेप्लिसॅव्ह नावाची दोन डोसची लस आहे, दोन डोसमध्ये चार आठवड्यांचं अंतर. घाई असेल तर डॉक्टरांना तीच मागा. काउंटी कॉलेजचे पुढचे वर्ग सप्टेंबरात असतील, तर जुन्या लसीचा पहिला डोस मार्चच्या आत झालेला हवा.